दहावीबाई

दहावीबाईंना तुम्ही भेटलेले आहात. पण तेव्हा तुमचं वय पंधरा होतं, मान वहीत होती आणि समोर कोण उभं आहे हे निवांत न्याहाळायची सोय नव्हती. म्हणून पुन्हा एकदा ओळख करून देतो. घाबरायचं कारण नाही. बाई दिसतात तेवढ्या कडक नाहीत. लोकांनी त्यांना कडक करून ठेवलंय.

बाई येतात एप्रिलात. नववीचा शेवटचा पेपर टाकून मुलगा बॅट शोधायला माळ्यावर चढलेला असतो, तेवढ्यात खालून वडील सांगतात, "सोमवारपासून व्हेकेशन बॅच आहे." झालं, बाई घरात आल्या. पुढचं वर्षभर आई फोनवर ज्याला त्याला सांगते, "यंदा आमच्याकडे दहावी आहे." स्वर असा, की यंदाच्या महालक्ष्म्या आपल्याकडेच बसणार आहेत. पलीकडचा माणूस पुढे काही विचारत नाही. मावसभावाच्या लग्नाला का आला नाहीत, जत्रेला का दिसला नाहीत, घराला रंग कधी काढणार, सगळ्याला हे एकच उत्तर पुरतं. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी तर परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत हे कारण पुरवून पुरवून वापरलं आणि दोन मुंजी, एक वास्तुशांत आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद एवढ्यातून स्वतःची सुटका करून घेतली. बाईंचे खरे चाहते विद्यार्थ्यांत शोधू नका, ते असे पालकांत सापडतात.

वयानं बाई पन्नाशी ओलांडलेल्या. शिक्षणाचा नवा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुन्या अकरावी मॅट्रिकच्या गादीवर त्या बसल्या. घरात मॅट्रिक झालेले आजोबा असले आणि त्यांनी "आमच्या वेळचा इंग्रजीचा पेपर बघितला असतास तर..." असं सुरू केलं, की बाईंचा चेहरा आजही उतरतो. बिऱ्हाड पुण्यात, राज्य मंडळाच्या कचेरीत. शिवाय नागपूरपासून कोकणापर्यंत नऊ विभागीय मंडळं त्यांची उठबस सांभाळतात. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलांच्या घरी एकाच वेळी मुक्काम ठोकायचा म्हणजे एवढा सरंजाम हवाच.

मुक्कामात बाईंना लागते शांतता. त्या स्वतः ती मागत नाहीत, घरचेच पुढे होऊन देतात. आजीची मालिका आवाज बंद करून चालते. आजीला आता नुसत्या भुवयांवरून सासूचा डाव कळतो. धाकटीचे घुंगरू कपाटात जातात. मुलाचा मोबाइल सकाळी जप्त होतो आणि संध्याकाळी परत द्यावा लागतो, कारण क्लासच्या नोट्स त्याच्यावरच येतात. या पेचावर बाईंनी अजून तोडगा काढलेला नाही. आई ऑफिसातली रजा फेब्रुवारी-मार्चसाठी साठवून ठेवते. आणि या सगळ्या शांततेत ज्याच्यासाठी ती पाळायची तो मुलगाच घरी नसतो. तो शाळा, क्लास, टेस्ट सिरीज आणि अभ्यासिका अशा फेऱ्या मारत असतो. रिकाम्या खोलीबाहेर बाकीचे चौघं कुजबुजत जेवतात.

बाईंच्या मागेपुढे हुजऱ्यांची मोठी फौज असते. त्यातले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत आगाऊ म्हणजे 'एकवीस अपेक्षित'. बाईंच्या मनात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे, असा यांचा दावा. आणि एकदा नाही, एकवीस वेळा ठाऊक आहे. बाई त्यांना चारचौघांत ओळखही दाखवत नाहीत. पाठ्यपुस्तकाबाहेरचं मी काही विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पण कुमारभारतीचं पुस्तक वर्षअखेरीस कोऱ्या नोटेसारखं राहतं आणि अपेक्षितची पानं सुटी होतात. त्यातला प्रश्न पेपरात आला तर श्रेय अपेक्षितला. नाही आला तर "पेपर वाकडा काढला" म्हणून शिव्या बाईंना.

बाईंची मिजास बघायची असेल तर परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जा. फाटकाबाहेर दह्या-साखरेच्या वाट्या, पारदर्शक पाउच, पारदर्शक पॅड, आणि पाण्याची पारदर्शक बाटली धरून उभे असलेले वडील, ज्यांच्या चेहऱ्यावरची भीतीही तितकीच आरपार दिसते. आत एका वर्गात पंचवीस मुलं. कोरी उत्तरपत्रिका हातात येते आणि तिचं पहिलं पान मुलं पेपरपेक्षा जास्त घाबरून लिहितात. बैठक क्रमांक आधी अंकांत, मग अक्षरांत. मग बारकोडचं स्टिकर. ते नेमून दिलेल्या चौकोनातच बसलं पाहिजे, अशी बाईंची सक्त ताकीद. ते केसभर तिरपं चिकटलं म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसलेली मुलगी मी पाहिली आहे. पर्यवेक्षक शिक्षिकेनं तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "अगं, मशीनला तिरकं पण वाचता येतं." एवढं ऐकल्यावर तिनं पेन उघडलं.

तासाभरानं कोपऱ्यातून हाक येते, "सर, पुरवणी!" बाकीची चोवीस डोकी एकदम वर होतात. त्या क्षणी वर्गात जो धसका बसतो तो गणिताच्या पेपरालाही जमत नाही. मागणारा फार हुशार असतो असं मुळीच नाही, पुष्कळदा त्याचं अक्षर मोठं असतं. पण हाक एकदा पडली की पुढच्या दहा मिनिटांत आणखी पाच-सहा हात वर जातात, त्यातल्या निम्म्यांची मूळ उत्तरपत्रिका अजून भरायची असते. शेवटी त्या पुरवण्या दोऱ्यानं बांधायच्या. सगळा कारभार बारकोडवर गेला तरी बाईंचा तो पांढरा दोरा सुटला नाही. ज्या मुलांनी बुटाची नाडीसुद्धा कधी नीट बांधली नाही, ती थरथरत्या हातांनी भोकातून दोरा ओवत असतात आणि मागून घंटा वाजत असते.

वेळेच्या बाबतीत बाई हिशेबी. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात द्यायच्या, शांतपणे वाचायला. तेवढ्या दहा मिनिटांत पेपर मोबाइलवरून बाहेर फिरायला लागले. बाई चिडल्या. २०२३ साली त्यांनी ती दहा मिनिटं पुढून काढली आणि मागे लावली. अकराचा पेपर दोनऐवजी दोन-दहाला सुटू लागला. चोरी मोठ्यांनी केली होती, हे मी आपलं आठवण म्हणून सांगतो. कॉपीच्या बाबतीतही तेच. भरारी पथक येतं, कॉपीमुक्त अभियानाच्या शपथा होतात, काही केंद्रांवर कॅमेरे आणि पोलीस उभे राहतात. तरी शाळेच्या मागच्या भिंतीवर चिठ्ठी घेऊन चढलेला असतो तो बहुधा कुणाचा तरी काका.

बाईंच्या लहरीपणाचे किस्से आहेत. २०१८ साली खुशीत होत्या, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, शाळांच्या हातातले वीस मार्क काढून घ्या, फार सढळ देतात. बाईंनी काढले. २०१९ चा निकाल ७७.१० वर आपटला. सीबीएसईची मुलं अकरावीला पुढे निघून जाणार म्हणून राज्यभर कालवा झाला, तेव्हा बाईंनी ते वीस मार्क मुकाट्यानं परत केले. २०२० ला निकाल थेट ९५.३०. आता एका वर्षात मुलं एवढी ढ आणि पुढच्याच वर्षी एवढी हुशार होतात असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल बाईंच्या टक्केवारीवर मुलांची पारख करावी.

२०२० मध्ये भूगोलाचा पेपर तेवढा राहून गेला. २३ मार्चला होता, आणि त्याच सुमाराला सगळंच बंद झालं. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क देऊन टाकले. पण बाईंच्या वर्मी घाव बसला तो २०२१ मध्ये. त्या वर्षी परीक्षाच रद्द. नववीचे ५० मार्क धरले, दहावीत वर्षभर शाळेनं घेतलेल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, अंतर्गतचे २०, आणि निकाल लावला. तो लागला ९९.९५ टक्के. निकालाच्या दिवशी वेबसाइट कोलमडली ती तासन्‌तास उठली नाही. बाई आयुष्यात पहिल्यांदा घरी बसल्या होत्या आणि त्यांच्यावाचून कुणाचंच अडलं नाही! हा विषय त्यांच्यासमोर काढू नये, ही एक सूचना.

दिल्लीची बहीण मात्र हे सगळं आधीच भोगून बसलेली. सीबीएसईच्या दहावीला मधल्या काळात चक्क ऐच्छिक केलं होतं. बोर्डाची परीक्षा द्यायची तर द्या, नाही तर शाळेचीच द्या. २०१८ साली तिला पुन्हा कामावर बोलावलं. आता २०२६ पासून ती वर्षातून दोनदा यायचं म्हणते. दोघी बहिणींचं फारसं पटत नाही. आमच्या बाईंच्या मते ती इंग्रजी बोलते म्हणून भाव खाते, आणि अकरावीच्या प्रवेशाला दोघींची पोरं एका रांगेत आली की जुनी धुसफूस वर येते.

बाई कंजूष होत्या, हे आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. एके काळी साठ टक्क्यांना पेढे होते आणि बोर्डात येणं म्हणजे गावचं नाव. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो पेपरात पहिल्या पानावर यायचे. ती यादी बाईंनी बंद केली. तेव्हापासून क्लासवाल्यांनी ती चौकाचौकांत फ्लेक्सवर सुरू केली. पुढे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, सहातले चांगले पाच विषय मोजायला लागले. संस्कृत 'स्कोअरिंग' म्हणून घ्यायचं, शंभरपैकी शंभर मिळवायचे आणि जूनपर्यंत देव शब्द चालवणंही विसरायचं, हा रिवाज पडला. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, खेळ, लोककला यांचे वाढीव मार्क वरून. २०२५ मध्ये शंभर टक्के मिळवणारे २११ निघाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. त्याच वर्षी २८५ जण बरोब्बर ३५ टक्क्यांवर सुटले. मला या २८५ जणांविषयी जास्त आदर आहे. शंभरातल्या शंभराला नुसती मेहनत लागते, नेमक्या पस्तिसाला नेम लागतो. यांच्यातल्या काहींची हल्ली मित्रमंडळी गुलाल उधळून मिरवणूक काढतात, आणि त्या मिरवणुकीत शंभर टक्केवाल्यापेक्षा जास्त लोक मनापासून नाचत असतात.

जे राहिले त्यांच्याशी बाई हल्ली बऱ्या वागतात. पूर्वी 'ऑक्टोबरची वारी' असायची, म्हणजे वर्ष गेलंच. २०१५ पासून त्या जुलैतच पुन्हा बसू देतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येतं. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्यावर संसार सांभाळून, पोरांबरोबर बसून परीक्षा दिलेल्या आया आहेत आणि रिक्षा चालवून दिलेले बापही. अशा उमेदवारांसमोर बाई कधी तोरा दाखवत नाहीत. मला त्यांचा आवडणारा गुण हाच.

मात्र एक प्रश्न त्यांना विचारला की त्या खिडकीबाहेर बघायला लागतात. "बाई, पुढे काय?"

याचं उत्तर त्यांच्याकडे कधीच नव्हतं. मध्यंतरी काही वर्षं त्यांनी कलचाचणी घेऊन पाहिली. मुलाचा ओढा कुठे आहे हे कॉम्प्युटरवर विचारायचं: वाणिज्य, ललित कला, कृषी, तांत्रिक, अगदी गणवेशधारी सेवासुद्धा. अहवाल मुलाच्या हातात पडायचा, मुलगा तो बापाच्या हातात द्यायचा, बाप वाचून म्हणायचा, "छान आहे. पण आपण सायन्स घेऊ." कारण सायन्समधून कुठेही जाता येतं, दुसरीकडून सायन्सला येता येत नाही, हे घराघरातलं वेदवाक्य. ते खोटं नाही. पण कुठेही जाता येण्यासाठी आधी कुठे जायचंय हे ठरवावं लागतं, तो भाग पुढे ढकलला जातो. तोही दोन वर्षांनी, बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायला.

मग अकरावीचा ऑनलाइन अर्ज. मुंबईत तो २००९ पासून होता, २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाला. दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरायची. पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं, म्हणून पहिला क्रमांक लिहिताना घरात लग्नाच्या बैठकीसारखी चर्चा चालते. जुना कटऑफ, बसचा मार्ग, आतेबहीण तिथेच होती, कॅन्टीन चांगलं आहे. ते कॉलेज मिळतं आणि मुलगा त्यात पाय ठेवत नाही. कारण तो 'इंटिग्रेटेड'ला जातो. नाव कॉलेजात, देह क्लासमध्ये.

आणि इथे बाईंची खरी कुचंबणा आहे. नीटला, जेईईला, सीईटीला त्यांचे मार्क कुणी मोजत नाही. इंजिनिअर आणि डॉक्टर व्हायच्या रस्त्यावर त्या उभ्या आहेत असं सगळे धरून चालतात, पण त्या रस्त्यावर त्यांना आता नुसता नमस्कार होतो. त्यांची सत्ता राहिली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. डिप्लोमाची गुणवत्ता यादी त्यांच्या मार्कांवर लागते. आयटीआयची लागते, आणि सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला चांगले मार्क लागतात. टपाल खात्याची ग्रामीण डाक सेवकाची भरती तर सरळ दहावीच्या टक्क्यांवर होते, वेगळी परीक्षाच नाही. म्हणजे जिथे बाईंचा शब्द अजून चालतो, त्या जागांची नावं निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घरात कुणी काढत नाही.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, बारा घरांची बंद पडलेली कामं त्याच्याकडे येतात. मंडळाच्या गणपतीची लायटिंग सातवीपासून तोच करतो. बाईंनी त्याला ८४ टक्के दिले आणि त्याचा घात केला. "मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय," असं तो म्हणाला, तेव्हा आई, वडील, दोन काका आणि शेजारचे निवृत्त साहेब एका सुरात म्हणाले, "एवढे मार्क पडून आयटीआय?" पन्नास पडले असते तर याच मंडळींनी त्याला हाताला धरून नेलं असतं, आणि मग त्या मार्कांना हवा तो ट्रेड मिळाला नसता. मार्क कमी पडले की दारं बंद होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त पडले की जी बंद होतात त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. तो सध्या इंटिग्रेटेड बॅचला आहे. गणपतीची वायरिंग अजून तोच करतो.

यात बाईंचा दोष किती, यावर माझं मत सरळ आहे: फार थोडा. वाचलेलं तीन तासांत लिहून दाखव, एवढंच त्या मागतात. ते मागणं रास्त आहे. पंधराव्या वर्षी एकदा अनोळखी बाकावर, अनोळखी सरांसमोर बसून आपलं आपण काहीतरी तडीस नेणं, यानं पोराचं नुकसान होत नाही. त्यांच्या पदरात मुलाची बुद्धी, बापाची अब्रू, आईचं बारा महिन्यांचं पुण्य आणि अख्ख्या आयुष्याचा रस्ता हे सगळं बांधलं ते आपण. तीन-चार आठवड्यांच्या पाहुण्या बाई, त्यांना आपण वर्षभर डोक्यावर बसवून ठेवतो आणि वर म्हणतो, फार जड आहेत.

मुक्काम हलवताना त्या एक कागद देऊन जातात. त्यावरचे मार्क दोन-चार वर्षांत कुणी विचारेनासं होतं. चाळिशीतल्या माणसाला इतिहासात किती पडले होते हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. पण नाव आणि जन्मतारीख? नोकरीला लागा, पासपोर्ट काढा, पॅनकार्ड काढा, "दहावीचं सर्टिफिकेट आणलंय का?" हा प्रश्न खिडकीपलीकडून येतोच. निवृत्तीची तारीखसुद्धा पुष्कळदा त्याच कागदावरून ठरते.

म्हणून यंदा तुमच्याकडे बाई येणार असतील तर टाइमटेबल, बदाम आणि टेस्ट सिरीज यांचं काय करायचं ते करा, पण बोर्डाचा फॉर्म भरून झाल्यावर शाळेत प्रि-लिस्ट सहीला येते, तेव्हा स्वतः जाऊन बघा. आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, जन्मतारीख, एकेक अक्षर शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून घ्या. चूक नंतरही दुरुस्त होते, पण त्यासाठी शाळेमार्फत अर्ज करून विभागीय मंडळात खेटे घालावे लागतात.